खुर्ची भाड्याने, पुस्तक फुकट

दिवाळीच्या आधी सौ.ने माळा आवरायला लावला. जुन्या लोखंडी पेटीत, शाळेच्या हजेरीपुस्तकांखाली, गो. नी. दांडेकरांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' सापडलं. आनंदाने उघडलं आणि चेहराच पडला. पहिल्या पानावर आमच्या गावच्या वाचनालयाचा गोल शिक्का, आणि मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख : ११ ऑगस्ट १९९९. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी हे पुस्तक दाबून बसलो होतो. "घेतलेली वस्तू वेळेवर परत करावी" हे वाक्य आयुष्यभर पोरांकडून फळ्यावर लिहून घेणारा मास्तर मी!

दुसऱ्या दिवशी पुस्तकाला कव्हर घातलं आणि वाचनालयात गेलो. मनात वाटत होतं, तिथे आता चिटपाखरू नसेल. आत पाऊल टाकलं आणि थक्क झालो. मोठं दालन गच्च भरलेलं! तीस-चाळीस मुलंमुली माना खाली घालून वाचत होती. म्हटलं, आपण उगाच गळे काढतो, वाचन संपलं म्हणून. पण जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकासमोर स्पर्धा परीक्षेचं स्वतःचं पुस्तक, स्वतःच्या नोट्स, स्वतःचा मोबाइल. भिंतीकडेची कपाटं मात्र कुलूपबंद. दोन कपाटांपुढे तर टेबलंच लावलेली, म्हणजे ती उघडायची सोयच राहिली नव्हती.

ग्रंथपाल माझाच जुना विद्यार्थी. तो हसला. "सर, पुस्तकं कोन नेते आता? पोट्टे खुर्चीसाठी येतेत. पुस्तक आपलं सोताचं आनतेत."

"आणि दंड किती झाला माझा?"

"राहू द्या सर. तुमी वापस आनलं, हेच लय झालं."

निघताना त्याने माझ्या हातात सर्वसाधारण सभेची सूचना ठेवली. मी आजीव सभासद आहे, हे मीच विसरलो होतो. विषय क्रमांक ६ असा : 'वाचनालयाचे मोठे दालन खासगी अभ्यासिकेस चालवावयास देणेबाबत.' शहरातले एक गृहस्थ दालन घेणार. वातानुकूलित करणार, वाय-फाय देणार, प्रत्येक खुर्चीला आडोसा लावणार. वाचनालयाला दरमहा ठरावीक भाडं मिळणार. पुस्तकं मागच्या खोलीत जाणार. तेव्हापासून मला झोप नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मंडळी, 'खासगीकरण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी कारखाना विकला जातो तसं काहीतरी येतं. वाचनालयाच्या बाबतीत हे चित्र लागू पडत नाही, कारण महाराष्ट्रातली बहुतेक वाचनालयं सरकारी कधी नव्हतीच! रत्नागिरीचं १८२८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. गावातल्या चार माणसांनी वर्गणी काढली, कोणी जागा दिली, कोणी घरची पुस्तकं दिली, अशीच आपल्याकडची वाचनालयं उभी राहिली. सरकार पुढे आलं ते बरंच उशिरा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या शेजारच्या पुसदचे. त्या कायद्यानेही वाचनालयं ताब्यात घेतली नाहीत. लोकांनी चालवावं आणि सरकारने अनुदान द्यावं, अशी ती व्यवस्था.

म्हणजे वाचनालय 'खासगी' संस्थेचंच होतं, पण मालक कोणी नव्हता. खासगी आणि मालकीचं यांतला हा फरक आपण विसरलो, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथून सुरू झाला.

हा फरक आमच्या जिल्ह्याइतका चांगला कुठे दिसत नसेल. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. नंतरच्या मोठमोठ्या काव्यशास्त्रकारांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. पण आज ते काव्य आपल्याकडे नाही. इतरांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरले. राजाचं पुस्तक, राजधानीतलं पुस्तक, पण गेलं.

आता त्याच जिल्ह्यातलं कारंजा पाहा. तिथल्या जैन मंदिरांत सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या परंपरांनी हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या बासनात बांधून जपली. राजे बदलले, राज्यं बदलली, मोगलाई आली, निजाम आला, इंग्रज आला. भांडारं राहिली. १९३० नंतरच्या काळात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' असे अपभ्रंश ग्रंथ संपादित करून जगापुढे आणले. ते कशामुळे शक्य झालं? ज्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं अशा माणसांनीही 'हे आपल्या सगळ्यांचं आहे' म्हणून ते सांभाळलं, त्यामुळे. त्यातून भाडं किती सुटतं, हे कोणी विचारलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या वाचनालयाचा कारभार असाच होता. आम्ही तेव्हा अकोला जिल्ह्यात (वाशिम वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला). वर्तमानपत्र एस.टी.ने दुपारी यायचं. पुढच्या खोलीत लाकडी बाकावर पाच-सहा जण त्याची वाट पाहत बसलेले असायचे. एक जण मोठ्याने वाचायचा, कारण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. कापसाचा भाव आधी, मग राजकारण. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. अनामत भरायला पैसे नव्हते. तेव्हाच्या ग्रंथपालांनी वहीत माझ्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं. "पोराने पुस्तक हरवलं तर माझ्याकडून घ्या." त्या एका ओळीवर मी बी.ए. झालो, मास्तर झालो. हे मी फुशारकीने सांगत नाही. ती ओळ कोणत्याही मालकाने लिहिली नसती, एवढंच म्हणायचं आहे.

मग १९९१ नंतर काय झालं? दोष देताना आपण जरा अचूक असावं. जागतिकीकरण आलं आणि सरकारने वाचनालयं बंद केली, असं काही घडलं नाही. उलट संख्या वाढत गेली, बारा हजारांच्या घरात पोचली. पण त्यात फलकापुरतीच असलेली किती होती हेही आपल्याला ठाऊक आहे. मे २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली, ती काही उगाच नाही. ते पाप जागतिकीकरणाचं नव्हे, आपलंच. पण त्या पापाची शिक्षा मात्र प्रामाणिकांनाही झाली. नव्या वाचनालयांची मान्यता थांबली, वरच्या वर्गात जाणं थांबलं.

अनुदानाचा हिशेब मी मास्तरी पद्धतीने मांडतो. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला २०१२ च्या वाढीनंतर वर्षाला ३०,००० रुपये मिळू लागले. त्यातली निम्मी रक्कम पगाराची. म्हणजे १५,००० भागिले १२, बरोबर १,२५० रुपये महिना. एका महिन्याचा, एका माणसाचा पगार! पुढची दहा वर्षं त्यात वाढ नाही. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ झाली, तेव्हा तोच पगार झाला २,००० रुपये. याच काळात आम्हा शिक्षकांना सातवा वेतन आयोग मिळाला. ज्या राज्यात मास्तरच्या पेन्शनमध्ये चार-पाच ग्रंथपाल सहज बसतात, त्या राज्यात वाचनालय का कोमेजलं हे शोधायला समिती नेमायची गरज नाही.

आणि तरीही मी सगळं सरकारवर ढकलणार नाही. वाचनालय पहिल्यांदा सोडलं ते आपण. पगार वाढला तशी मी पुस्तकं विकत घेऊ लागलो. चांगलंच झालं, पण विकत घेतलेलं पुस्तक माझ्या कपाटात गेलं आणि वाचनालयाकडची माझी वाट मोडली. मुलं इंग्रजी शाळेत गेली. २०१६ नंतर मोबाइलवर डेटा स्वस्त झाला आणि दुपारचं वर्तमानपत्र सकाळी उशाशीच आलं. मराठी विश्वकोश आता माझ्या खिशात असतो. पूर्वी त्याचा एक खंड पाहायला मी अकोल्याला जात असे. जागतिकीकरणाने मला खूप दिलं, हे नाकारलं तर मी खोटारडा ठरेन.

पण ते दिलं ते मला, एकट्याला. चौघांना मिळून जे मिळायचं ते त्याच वेळी कमी होत गेलं. हा सौदा आम्हा पगारदार माणसांच्या लक्षातच आला नाही, कारण आमचं काही बिघडलं नाही.

एक कबुली देतो. २००३ साली वाचनालयाची अशीच सभा झाली होती. दर्शनी भागातली वर्तमानपत्रांची खोली काढून तिथे तीन गाळे पाडायचे, असा ठराव होता. "संस्था स्वावलंबी झाली पाहिजे" हे त्या काळचं लाडकं वाक्य. मीही हात वर केला. आज त्या गाळ्यांपैकी एकात मोबाइलचं दुकान आहे, एकात झेरॉक्स, आणि तिसऱ्यात कुरिअरचं ऑफिस. मी ऑनलाइन मागवलेली पुस्तकं तिथेच येतात! म्हणजे ज्या जागेवर बसून मी फुकट वाचायला शिकलो, तिथेच उभा राहून मी आता पार्सलवर सही करतो. बाकावर बसणारी ती माणसं कुठे गेली, हे मी कधी विचारलं नाही.

धाकटी लेक न्यू जर्सीत असते. २०१४ साली आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. मला वाटलं होतं, जिथून हे वारं सुटलं त्या देशात सगळंच विकत असेल. तिने तिसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयात नेलं. नाव-पत्ता सांगितला, कार्ड मिळालं. वर्गणी नाही, अनामत नाही. खर्च गावच्या मालमत्ता करातून. नातवाने डझनभर पुस्तकं उचलली. मी म्हाताऱ्याने तिथल्या खुर्चीत बसून काचेतून पाऊस पाहिला, मला कोणी काही विचारलं नाही. परत येताना मी गप्प होतो. आपण तिकडून बाजार उचलला आणि बाजाराच्या शेजारचं वाचनालय तिथेच ठेवून आलो.

तिथेही सगळं आलबेल नाही, हे नंतर वाचनात आलं. ओरेगॉन राज्यातल्या जॅक्सन काउंटीत २००७ च्या एप्रिलमध्ये पैशाअभावी सगळी, म्हणजे पंधराही वाचनालयं बंद केली. ऑक्टोबरमध्ये ती उघडली ती एका खासगी कंपनीकडे चालवायला देऊन, आणि पूर्वीपेक्षा कमी वेळ. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा शहराने २०१० मध्ये वाचनालयं अशाच कंपनीकडे सोपवायचा निर्णय घेतला आणि २०१८ मध्ये ती पुन्हा स्वतःकडे घेतली. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या दहा वर्षांत जवळजवळ ८०० वाचनालयांना कुलूप लागलं. पण एक फरक लक्षात घ्या. तिथे वाचनालय बंद होतं तेव्हा लोक रस्त्यावर येतात. आमच्याकडे विषय क्रमांक ६ असतो, आणि विषय क्रमांक ७ असतो अल्पोपाहार.

आणि वाऱ्याबरोबर चांगलंही आणता येतं, हे एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेला गेले, तिथली वाचनालयं पाहिली, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा तिथला जाणकार माणूसच बडोद्याला घेऊन आले. गावोगाव मोफत वाचनालयं, पेट्यांतून फिरणारी पुस्तकं. पैशाची रीत साधी होती : एक तृतीयांश गावाने जमवायचे, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचे, एक तृतीयांश सरकारने. गावाचा हात लागल्याशिवाय सरकारचा हात नाही, आणि गावाचा लागला की सरकारला मागे घेता येत नाही. याला म्हणतात जागतिकीकरण!

दक्षिणेकडच्या राज्यांनीही वाट काढली. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के, तामिळनाडूत १० टक्के ग्रंथालय उपकर आहे. आपल्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर ठेवलाच नाही. म्हणून आमचं वाचनालय दर वर्षी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतं, कोरडवाहू शेतकरी ढगाकडे बसतो तसं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. अभिजात भाषेची पुस्तकं टेबलामागच्या कपाटात कुलूपबंद आहेत, हे त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. मलाही नाही.

आता विषय क्रमांक ६ कडे येतो. कार्यकारिणीतल्या मंडळींशी बोललो. ती वाईट माणसं नाहीत. त्यांचं म्हणणं असं : छप्पर गळतं, विजेचं बिल थकलं, अनुदान वेळेवर येत नाही, पुस्तक कोणी नेत नाही. पोरं बाहेर खासगी अभ्यासिकेत महिन्याला काही शे रुपये भरतातच ना? मग तेच पैसे वाचनालयाला का मिळू नयेत? या प्रश्नाला भावनेचं उत्तर देऊन भागत नाही. मी दोन दिवस विचार केला.

उत्तर मला दालनातच मिळालं. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक मुलगी रोज बसते. मी चार दिवस जाऊन पाहिलं. सात-आठ किलोमीटरवरच्या खेड्यातून एस.टी.ने येते, निम्म्या तिकिटात. डब्यात भाकर आणि ठेचा. घरी दोन खोल्या, सहा माणसं, एक टीव्ही. मी विचारलं, "बाई, बाहेर अभ्यासिका आहेत की, चांगल्या थंडगार."

ती म्हणाली, "त्याची फी आन् माझं महिन्याचं येनंजानं एकच होते, आजोबा. इथं खुर्ची आहे म्हनून मी येते."

मी पुढे काही बोललो नाही. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी वहीत माझ्या नावापुढे आपलं नाव लिहिलं होतं. विषय क्रमांक ६ मंजूर झाला तर या मुलीच्या नावापुढे लिहायला वहीच उरणार नाही. दालन तेच राहील, दिवे जास्त उजळ असतील, आणि तिच्या जागी दुसरं कोणी बसेल. अहवालात त्याची नोंद 'उत्पन्नात वाढ' अशी होईल.

खुर्चीसाठी येणाऱ्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. पूर्वी आम्ही पुस्तकासाठी यायचो कारण पुस्तक परवडत नव्हतं. आज त्यांना शांत जागा परवडत नाही. जे एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून ठेवायचं, हेच वाचनालयाचं काम. काल ते पुस्तक होतं, आज खुर्ची आहे. खुर्ची दिली तर कधीतरी मान वर करून शेजारच्या कपाटाकडे नजर जाईल, एवढी आशा मास्तराने ठेवायला हरकत नाही. कपाटच मागच्या खोलीत गेलं तर तीही नाही.

म्हणून सभेत मी हात वर करणार आहे, पण या वेळी विरोधात. आणि नुसता विरोध करून घरी येणार नाही. गावात आम्ही पेन्शनर कितीतरी आहोत. बडोद्याच्या हिशेबाने गावाचा तिसरा हिस्सा आम्ही उचलावा, असं मी मांडणार आहे. माझ्या पेन्शनमधून दरमहा एक ठरावीक रक्कम, पहिली पावती माझी. ज्याला जमेल त्या मुलाने खुर्चीचे थोडे पैसे द्यावेत, ज्याला जमत नाही त्याला कोणी विचारू नये. कपाटांपुढची टेबलं हलवावीत. आणि आठवड्यातून तीन दुपारी कपाटांच्या किल्ल्या घेऊन मी स्वतः बसेन.

ठराव पडेल की मंजूर होईल, सांगता येत नाही. २००३ मध्ये माझ्यासारखे बरेच होते, आजही असतील. तुमच्या गावातही असं एखादं वाचनालय असेल, तुम्ही पुण्यात असा की अमेरिकेत. पुढच्या वेळी गावी गेलात की एक चक्कर मारा. आणि हो, माळ्यावर एखादं शिक्क्याचं पुस्तक पडलं असेल तर तेही घेऊन जा. दंड घेत नाहीत, मी विचारून आलोय.